'चांगला डॉक्टर पुढे पाठवत नाही' हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सारखा फिरतोय. आमच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांच्या फोनवर मी तो पाहिलाय, भावकीच्या ग्रुपवरही तो येऊन गेला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जो डॉक्टर पेशंटला दुसरीकडे पाठवतो त्याला एकतर काही येत नाही, नाहीतर तो कट, म्हणजे पाठवल्याचं कमिशन, खातो. जुने वैद्य आणि फॅमिली डॉक्टर कुणाला कुठे पाठवत नसत. आजचे डॉक्टर केस गंभीर झाली की हात झटकतात. म्हणून जो 'इथेच बरं करतो' असं छातीठोकपणे सांगेल त्यालाच धरून राहा.

मी सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतून पाठवलेले पेशंट आधी आमच्या हाती येतात. वेळेवर पाठवलेले येतात आणि पाठवायला उशीर झालेलेही येतात. त्या मजकुरातला शेवटचा सल्ला माणसाच्या जिवावर बेतणारा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'पाठवतो त्याला काही येत नाही.' पन्नाशीचा माणूस छातीत दुखतंय म्हणून गावातल्या दवाखान्यात जातो. एका ठिकाणी त्याला पित्ताचं इंजेक्शन देऊन झोपवून ठेवतात, 'संध्याकाळपर्यंत बघू' म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी लगेच ईसीजी काढतात, अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला लावतात, १०८ बोलावतात आणि आम्हाला फोन करतात. या दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी अर्ध्या पानाची असते. दुखणं किती वाजता सुरू झालं, बीपी किती, कोणती गोळी किती मिलिग्रॅम आणि किती वाजता दिली, शुगरची गोळी चालू आहे का, पूर्वी कसली अ‍ॅलर्जी आली होती का, आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर. ईसीजीची पट्टी त्याच कागदाला स्टेपल केलेली. अशी चिठ्ठी हातात आली की आम्ही नातेवाइकांना प्रश्न विचारत बसत नाही, थेट कामाला लागतो. हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत जितकं लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. बारा तास उलटून गेले की त्याचा फारसा उपयोग उरत नाही. आता या दोघांपैकी काम कुणाला येतं?

लकव्याचंही तसंच. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे की रक्तस्राव झालाय, हे सीटी स्कॅनशिवाय कितीही हुशार डॉक्टरला नक्की सांगता येत नाही. गाठ असेल तर ती विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव असताना तेच औषध दिलं तर माणूस दगावू शकतो. तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय हे ओळखून पाच मिनिटांत सीटी असलेल्या ठिकाणी पाठवणं, यातच त्या डॉक्टरचं सगळं ज्ञान आलं. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तरी बाटलीमागून बाटली आणि अँटिबायोटिकचे कोर्स देत राहणं, थुंकी मात्र तपासायला न पाठवणं, हा याच्या उलटचा नमुना. त्यात टीबी महिनोन्महिने लपून राहतो आणि घरातल्या लेकरांपर्यंत पोचतो.

आता कट. हा मुद्दा खोटा नाही आणि मी तो झाकणार नाही. पेशंट पाठवल्याबद्दल पैसे घेण्याची कीड आपल्याकडे आहे. २०१३ साली महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका तपासणी केंद्राकडून पेशंट पाठवल्याबद्दल १२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आणि हा विषय चव्हाट्यावर आणला. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत असा पैसा देणं, मागणं आणि घेणं या तिन्हींना मनाई आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली होती.

पण त्यावरून 'पाठवणं म्हणजेच कट' हे सिद्ध होत नाही. सरकारी रुग्णालयात पाठवण्यात कुणाला कसला कट मिळणार? पैशासाठी पेशंट पाठवला जातो तसा पैशासाठी अडवूनही ठेवला जातो, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. 'अजून दोन दिवस बघू' म्हणत सलाइनवर ठेवायचं, बिल वाढू द्यायचं आणि पेशंट अगदी शेवटाला आला की गाडीत घालून द्यायचं, असेही प्रकार आमच्या दारात येतात. त्या दोन दिवसांचा हिशेब कुणी मागत नाही.

मग ओळखायचं कसं? 'का पाठवताय?' असं सरळ विचारा. प्रामाणिक डॉक्टर कारण सांगतो, ते लिहून देतो आणि ती सोय जिथे जिथे आहे अशी दोन-तीन ठिकाणं सुचवतो, त्यात सरकारीही असतं. जो एकाच लॅबचा किंवा एकाच हॉस्पिटलचा हट्ट धरतो, दुसरीकडचा रिपोर्ट चालणार नाही म्हणतो आणि कारण विचारल्यावर चिडतो, त्याच्याबद्दल जरूर शंका घ्या.

बावस्करांचं नाव आणखी एका कारणासाठी घेतलं. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत, तेव्हा त्यांनी महाडच्या परिसरात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्यामुळे जे पेशंट पूर्वी हातचे जात ते गावाजवळच बरे होऊ लागले. अभ्यास करून मर्यादा अशी पुढे ढकलता येते. तो अभ्यास नसताना 'इथेच बरं करतो' म्हणणं हा नुसता जुगार आहे, आणि डाव पेशंटच्या जिवावर लागतो.

'पूर्वी कुणी पाठवत नसे' हे तर धडधडीत चूक आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थानात गुल्माचं, म्हणजे पोटातल्या गोळ्याचं, प्रकरण आहे. गुल्म पिकला की पुढच्या क्रियेचा अधिकार धान्वंतरीयांचा, म्हणजे शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्यांचा, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. काय साध्य, काय असाध्य हे आधी ओळखा, असंही चरक वैद्याला बजावतो. अलीकडचं बघायचं तर १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत 'मिरजेला न्या' हे वाक्य रुळलं. ते सांगणाऱ्यांत जुने फॅमिली डॉक्टरही असायचे.

'गंभीर झालं की हात झटकतात.' काही झटकतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. चिठ्ठी नाही, फोन नाही, सुई लावलेली नाही, 'मोठ्या दवाखान्यात न्या' एवढंच सांगून रिक्षात बसवलेला पेशंट आला की आमचा जीव वर-खाली होतो. तातडीच्या पेशंटवर आधी उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो वा खाजगी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय. पण नीट पाठवणं कसं असतं तेही बघा. मण्यार चावलेला एक मुलगा प्राथमिक आरोग्य केंद्रातून आमच्याकडे आला होता. सर्पदंशाची लस तिथेच सुरू केलेली होती. पापण्या मिटायला लागल्या, श्वास अपुरा पडतोय हे दिसल्यावर त्यांनी व्हेंटिलेटरसाठी त्याला हलवलं. तिथली सिस्टर सोबत आली होती. गाडीत सगळा रस्ताभर ती अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत होती, दारात उतरली तेव्हाही तिचा हात बॅगवरच होता. याला कुणी हात झटकणं म्हणेल का?

राहिला शेवटचा सल्ला, 'बरं करतो' म्हणणाऱ्याला धरून राहण्याचा. मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने आपल्या शास्त्राबाहेरची अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, पेशंट दगावला. ज्या पद्धतीचं ज्ञान नाही तिचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असा निकाल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. अ‍ॅलोपॅथी असो, आयुर्वेद असो की होमिओपॅथी, आपल्या शिक्षणाची हद्द सगळ्यांनाच पाळावी लागते.

मला माहीत आहे, लोक जवळच्या डॉक्टरला धरून राहतात ते बहुतेकदा पैशाच्या आणि अंतराच्या धास्तीने. शहरात ओळख नसते, खर्चाचा अंदाज नसतो, घरी जनावरं बांधलेली असतात. ही धास्ती खरी आहे. १०८ ची गाडी फुकट येते. बऱ्याच मोठ्या आजारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठायचं. निघताना डॉक्टरची चिठ्ठी, जुने रिपोर्ट, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत टाका. पट्ट्या नाव दिसेल अशा आणा, कारण 'लाल रंगाची छोटी गोळी' एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही.