मुलांचं दुःख मंचावर कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वंचित मुलांसोबत नाटक करण्याच्या कामावर तुमचे आक्षेप दोन आहेत. वंचित मुलांना मंचावर उभं करून त्यांचं दुःख देणगीदारांना दाखवलं जातं, हा पहिला. ज्यांना धड वाचता येत नाही त्यांना नाटक कशाला, हा दुसरा.

पहिला आक्षेप पुष्कळ ठिकाणी खरा आहे. एखादी मुलगी वडिलांच्या दारूबद्दल माइकवर बोलता बोलता रडते, पहिल्या रांगेतले लोक डोळे पुसतात आणि दुसऱ्या दिवशी वस्तीभर तीच चर्चा. हे होऊच नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १२ मुलाला मत मांडण्याचा हक्क देतं, तसं कलम १६ त्याचं खासगीपणही जपतं. दोन्ही एकदम सांभाळायची तर कामाची पद्धत काटेकोर हवी.

म्हणून ‘तुझी गोष्ट सांग’ असं मुलाला म्हणायचंच नाही. पाच-सहा जणांचा गट मिळून एक पात्र रचतो: नाव काय, वय किती, त्याला काय हवंय, आड कोण येतंय. गटातल्या कुणाचंही नाव पात्राला द्यायचं नाही. त्यात चौघांचे अनुभव मिसळतात आणि कुठला कुणाचा हे प्रेक्षकाला कळत नाही. ‘मला भीती वाटते’ म्हणताना जी जीभ अडते, ती ‘त्याला भीती वाटते’ सहज म्हणते. तरीही एखादं मूल मध्येच स्वतःचं सांगू लागलं, तर प्रवेश तिथेच थांबवून दुसऱ्या प्रशिक्षकाने त्याच्याजवळ बसायचं. १५ मुलांमागे दोन मोठी माणसं लागतात ती यासाठीच. मारहाण किंवा लैंगिक छळ कानावर आला, तर तो नाटकाचा विषय उरत नाही. बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी कळवायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला आधी देऊन ठेवू नये, ते पाळता येत नाही.

तयार संहिता हातात दिली की आणखी एक घोळ होतो. भराभर वाचणारी मुलं मोठ्या भूमिका घेतात, बाकीची झाडं आणि गर्दी होतात. त्याऐवजी शरीराने स्थिर चित्रं करण्यापासून, म्हणजे एखादा प्रसंग न हलता, न बोलता उभा करण्यापासून सुरुवात करावी, तिथे अक्षरओळख लागत नाही. मग उत्स्फूर्त प्रवेश, आणि तो तीन-चारदा झाला की मुलांच्याच बोलीत लिहून काढायचा. बोली ‘शुद्ध’ करायला गेलात की आवाज बसलाच म्हणून समजा.

दीड तासाच्या सत्रात शेवटची १० मिनिटं भूमिकेतून बाहेर पडण्यासाठी राखायची: पात्राची वस्तू खाली ठेवायची, स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं, एखादा साधा खेळ खेळायचा. वेळ कमी पडला की पहिली कात्री इथेच लागते. मग मार खाणाऱ्याची भूमिका केलेलं मूल तसंच घरी जातं आणि इतर त्याला पात्राच्या नावाने चिडवतात.

प्रेक्षक कोण, हे मुलांनी ठरवावं. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक आगुस्तो बोआल यांनी रुजवलेल्या फोरम थिएटरमध्ये अडचणीत संपणारा छोटा प्रवेश पुन्हा केला जातो, आणि प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून अडलेल्या पात्राच्या जागी स्वतः उभा राहतो. यात धोकाही आहे. ‘उलट हात उचल’ यावर टाळ्या पडतात, पण तसं घरी करणाऱ्या मुलाला दुप्पट मार बसू शकतो. म्हणून सूत्रधाराने दर वेळी विचारायलाच हवं: याच्या पुढे काय होईल?

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर लहान आहे. नाटकाने वाचनाचा वर्ग बंद करायचा नसतो. उलट स्वतःच बोललेलं वाक्य कागदावर दिसलं की अडखळणारं मूलही ते वाचून पाहतं, कारण त्यात काय आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं.

देणगी देण्याआधी संस्थेला जरूर विचारा: प्रयोगाला नकार देणाऱ्या मुलाला वर्गात पूर्ण जागा आहे का, फोटोसाठी पालकांसोबत मुलाचीही संमती घेता का, आणि ती नंतर मागे घेता येते का.