नऊ इंचांचे अतिक्रमण

दसऱ्याच्या आठ दिवस आधी आमच्या दारावर सोसायटीची नोटीस चिकटली. चपलांचे कपाट सामायिक वाटेत ९ इंच पुढे आल्यामुळे ‘आपण अतिक्रमण केले आहे’, असे तीत म्हटले होते. ही मोजणी चिटणीसांनी स्वतः केली होती आणि टेपचे दुसरे टोक, कशासाठी ते न विचारता, मीच धरून उभा होतो.

शब्द मनाला लागला. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. याच धातूपासून पराक्रम झाला, संक्रमण झाले, तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा त्रिविक्रमही झाला. माझ्या वाट्याला मात्र ‘अति’ आला, तोही पाऊल न उचलता.

मग कायदा उघडला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे फौजदारी अतिक्रमणास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत हाच दंड ५०० रुपयांपर्यंत होता, म्हणजे महागाईने पापालाही सोडलेले नाही. परंतु नुसते दुसऱ्याच्या जागेत शिरणे पुरेसे नसते; गुन्हा करण्याचा, किंवा जागेच्या ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा अथवा त्रास देण्याचा इरादा असावा लागतो. कपाटाला इरादा कुठला? हे मी विजयी मुद्रेने पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “अहो, नोटीस कपाट आत घेण्याची आहे, तुम्हाला आत टाकण्याची नाही.”

कायद्यातून सुटलो तो धर्मात अडकलो. जैन आचारग्रंथांनी मर्यादाभंगाच्या अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतली पहिली मनातच घडते: तेथे मनाची शुद्धी ढळली की झाला अतिक्रम. खरे सांगायचे तर फ्लॅटचा ताबा घेतला त्याच दिवशी, किल्ली कुलपात फिरवता फिरवता, माझी नजर त्या कोपऱ्यावर गेली होती. कपाट चार वर्षांनी आले.

दसऱ्याला चिटणीस आपट्याची पाने घेऊन आले. सीमोल्लंघनाचा दिवस, शीव ओलांडणे त्या दिवशी शुभ. चपला कोठे काढाव्यात म्हणून ते दारात क्षणभर घुटमळले, मग त्या आमच्या कपाटाच्या वरच्या खणात नीट जोडीने ठेवून त्यांनी उंबरा ओलांडला.

पुढच्या सभेच्या इतिवृत्तात त्यांच्याच अक्षरात नोंद आहे: ‘विषय क्रमांक ७ वेळेअभावी तहकूब.’