‘साइटवर बॅटरी चालत नाही’ : फिरत्या मेसेजचा मुद्देसूद प्रतिवाद

ठेकेदार, सुपरवायझर आणि इलेक्ट्रिशियन यांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा : पोर्टेबल बॅटरी पॉवर स्टेशन (बॅटरी आणि तिची वीज २३० व्होल्ट एसी करणारा इन्व्हर्टर एकाच पेटीत) हे सहलीचं सामान आहे. साइटवर ग्राइंडर लावला की ट्रिप होतं. दोन तासांत संपतं. अर्थिंग नसल्याने शॉक लागतो. धूळ-पावसात टिकत नाही, उन्हात पेट घेतं. दोन वर्षांत भंगारात जातं. आणि शेवटी जनरेटर लागतोच, मग बॅटरी कशाला?

यातल्या बहुतेक वाक्यांमागे कुणाला तरी खरोखर आलेली अडचण आहे. पण कारण चुकीचं लावलं गेलंय. त्या चुकीच्या कारणावर विसंबून लोक बंद तळघरात जनरेटर लावतात आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात. त्यामुळे या मेसेजकडे दुर्लक्ष करणं बरोबर नाही.

‘ग्राइंडर लावला की ट्रिप होतं’

कुठला ग्राइंडर? ४ इंची ग्राइंडर साधारण ७०० ते ८५० वॉटचा असतो. ७ इंची २००० ते २२०० वॉटचा. १४ इंची चॉप सॉ २००० ते २४०० वॉटचा. पहिला २००० वॉटच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, दुसरे दोन बहुधा चालत नाहीत. तिन्हींना एकाच वाक्यात गुंडाळलं की मेसेज खराही वाटतो आणि दिशाभूलही करतो.

पाहायची गोष्ट म्हणजे सुरू होतानाचा झटका. ग्राइंडर, मार्बल कटर, रोटरी हॅमर, ब्रेकर यांत कार्बन ब्रशची मोटर असते. सॉफ्ट स्टार्ट (हळूहळू वेग घेण्याची सोय) नसेल तर ती सुरुवातीला नेहमीच्या दोन-तीन पट करंट ओढते, तोही सेकंदाच्या आत. मिक्सर, पाण्याचा पंप, कॉम्प्रेसर यांत इंडक्शन मोटर असते. ती पाच ते सात पट करंट ओढते आणि भार असेल तर जास्त वेळ ओढते. म्हणून निवडताना हिशोब असा ठेवा : ब्रशच्या हत्याराचे वॉट गुणिले ३, इंडक्शन मोटरचे गुणिले ६, हा आकडा इन्व्हर्टरच्या ‘सर्ज’ क्षमतेच्या, म्हणजे क्षणभर देता येणाऱ्या जादा वॉटच्या, आत हवा. ८५० वॉटच्या ग्राइंडरला २५५० वॉट लागतील. २००० वॉट सतत आणि ४००० सर्ज असलेलं पॉवर स्टेशन (पुढे नुसतं ‘युनिट’) ते सहज देतं. २ एचपीचा मिक्सर चालताना दोन किलोवॉटच्या आसपास घेतो, पण उठताना त्याला १२ किलोव्होल्ट-अँपिअरपर्यंत (केव्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर भागिले हजार) लागतात. तो हातात उचलता येणाऱ्या बॅटरीवर लावूच नये. सर्ज किती वेळ टिकतो तेही माहितीपत्रकात पाहा. काही युनिट काही मिलिसेकंदच तो आकडा देतात, काही दोन-तीन सेकंद देतात.

इथे एक फसवी सोय आहे. काही युनिटमध्ये ‘जादा वॉटचं उपकरण चालवा’ असा मोड असतो. त्यात युनिट स्वतःची ताकद वाढवत नाही, फक्त व्होल्टेज खाली आणतं. हीटरला ते चालतं, कारण तो कमी व्होल्टेजवर कमी तापतो, एवढंच. मोटर मात्र कमी व्होल्टेजवर अडखळते, तापते आणि वाइंडिंग जळतं. साइटवर हा मोड बंद ठेवा.

‘सकाळी चालत होतं, दुपारी ट्रिप व्हायला लागलं’ ही तक्रारही याच मुद्द्याखाली येते. तिची कारणं दोन. चार्ज २० टक्क्यांच्या खाली गेला की सेलचं व्होल्टेज उतरतं. तेवढीच ताकद द्यायला आतला करंट वाढतो आणि ग्राइंडर सुरू करण्याच्या क्षणी लो-व्होल्टेज कट लागतो, म्हणजे व्होल्टेज फार उतरल्याने युनिट स्वतःच बंद होतं. दुसरं कारण वायर. १ चौरस मिलिमीटरची ५० मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन १०० मीटर तांबं, जवळपास २ ओहम रोध. सुरू होताना २५ अँपिअर गेले की त्या वायरीतच ५० व्होल्ट पडतात. मोटरला वेग पकडायला वेळ लागतो, तेवढा वेळ ती जादा करंट ओढत राहते आणि इन्व्हर्टर हात टेकतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच पडाव २० व्होल्टवर येतो. त्याहून सोपं म्हणजे बॅटरीच कामाजवळ न्या आणि १० मीटरच्या आत भागवा. ड्रमवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडून वापरा, नाहीतर ती आतून तापते.

वेल्डिंगबाबत मात्र मेसेज बरोबर आहे. २.५ मिलिमीटरच्या रॉडला ८० अँपिअर धरले तरी आर्कमध्येच १.८ किलोवॉटच्या वर जातात. मशीनमध्ये वाया जाणारी वीज आणि खराब पॉवर फॅक्टर (त्यामुळे तेवढ्याच कामाला जादा करंट लागतो) धरला तर मागणी तीन किलोव्होल्ट-अँपिअरच्या पुढे जाते. दोन किलोवॉटच्या युनिटवर ‘छोटासा टाका मारू’ म्हणत वेल्डिंग करू नका.

‘दोन तासांत संपतं’

हे वाक्य हत्याराच्या पाटीवरचे वॉट बघून लिहिलंय. १००० वॉटचं हत्यार आणि २ युनिटची (इथे युनिट वीजबिलातलं), म्हणजे २००० वॉट-तासांची बॅटरी, म्हणून दोन तास. पण दिवसभरात ट्रिगर दाबलेला वेळ किती असतो? बहुतांश वेळ खुणा करण्यात, फिटिंग धरण्यात, मलबा काढण्यात जातो.

एका मजल्यावरच्या फिनिशिंग आणि वायरिंगच्या दिवसाचा हिशोब मांडतो. भिंतीत झिरी मारायला १२०० वॉटचा कटर, प्रत्यक्ष चालू ४० मिनिटं, सरासरी ७० टक्के भार : ५६० वॉट-तास. ८०० वॉटचा रोटरी हॅमर ४५ मिनिटं, सरासरी ७५ टक्के भार : ४५०. ८५० वॉटचा ४ इंची ग्राइंडर २० मिनिटं, सरासरी ७० टक्के भार : २००. कॉर्डलेस हत्यारांचे १८ व्होल्ट ५ अँपिअर-तासांचे चार पॅक, चार्जरमध्ये वाया जाणाऱ्या विजेसह : ४२०. आणि ५० वॉटचे तीन एलईडी फ्लडलाइट पाच तास : ७५०.

म्हणजे सगळ्यात जास्त खाणारे दिवे निघाले, कटर नाही. बॅटरी लवकर संपते असं वाटतं तेव्हा आधी रिकाम्या खोलीत जळणारा फ्लडलाइट बंद करा.

बेरीज २३८० वॉट-तास. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर बॅटरीतून २७०० जातात. शिवाय एसी बटण चालू ठेवलं की इन्व्हर्टर रिकामाही २५ वॉटच्या आसपास खातो, नऊ तासांचे सव्वादोनशे. एकूण २.९ युनिट. ३.६ युनिटची बॅटरी हा दिवस पूर्ण काढते. २ युनिटची काढत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत तिला दीड किलोवॉटने एक तास चार्ज केलं तर तीही संध्याकाळपर्यंत पोचते. रात्री एसी बटण बंद करायला विसरलात तर सकाळी पाव युनिट कमी मिळेल. रोज होणारी चूक हीच.

सोलर पॅनेलवर पूर्ण भिस्त ठेवू नका. ४०० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास देतं, तेही पुसलेलं असेल आणि सावली पडत नसेल तर. सिमेंटची धूळ रोज बसते.

‘अर्थिंग नाही, म्हणून शॉक लागतो’

हा मुद्दा सगळ्यात जास्त गोंधळाचा आहे आणि जिवाशी खेळणारा आहे.

बहुतेक पोर्टेबल युनिटचं आउटपुट ‘तरंगतं’ असतं. म्हणजे दोन्हीपैकी एकही वायर जमिनीला जोडलेली नसते. त्यामुळे सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर मंद पेटतो आणि लोकांना वाटतं, न्यूट्रलला करंट आला. तो आतल्या फिल्टर कॅपॅसिटरमधून येणारा किरकोळ प्रवाह असतो. अशा पुरवठ्यात एका वायरीला हात लागला तर जमिनीतून परतीचा रस्ता नसल्याने मोठा शॉक लागत नाही. वेगळ्या केलेल्या पुरवठ्यावर एकच उपकरण चालवणं ही आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकातही मान्य असलेली संरक्षणाची पद्धत आहे.

धोका सुरू होतो दुसऱ्या दोषापासून. एका हत्याराची फेज बॉडीला लागली तर काहीच होत नाही, कुणाला कळतही नाही. मग दुसऱ्या हत्याराची दुसरी वायर बॉडीला लागली आणि माणसाने दोन्ही धरली, तर पूर्ण व्होल्टेज अंगातून जातं. पुढे लावलेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) अशा वेळी ट्रिप होईल याची खात्री नाही, जरी त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडत असला तरी. टेस्ट बटण फक्त यंत्रणा हलते का ते दाखवतं.

म्हणून एका बॅटरीवर धातूच्या बॉडीचं, तीन पिनांचं हत्यार एकच लावा. बाकीची दुहेरी इन्सुलेशनची हवीत, पाटीवर चौकोनात चौकोन असलेली. पाणी सोडून चालणारी कोअर कटिंग मशीन साध्या तरंगत्या युनिटवर लावू नका. त्यासाठी न्यूट्रल आतूनच अर्थला बांधलेलं आणि आरसीडी (आरसीसीबीसारखं गळती-संरक्षण) बसवलेलं साइट-दर्जाचं युनिट लागतं. निर्मात्याने सांगितलं नसेल तर सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडणारी लिंक स्वतः मारू नका. आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून बॅटरी साइटच्या डीबीत (वीज वाटपाच्या पेटीत) उलटी कधीही घालू नका. मेन सप्लाय आला की इन्व्हर्टर जातो, आणि तोपर्यंत बाहेर काढलेल्या उघड्या पिनेवर जिवंत व्होल्टेज असतं.

एमसीबीवरही विसंबू नका. बी-१६ (बी प्रकारच्या, १६ अँपिअरच्या) एमसीबीला लगेच पडायला किमान ४८ अँपिअर लागतात. दोन किलोवॉटचा इन्व्हर्टर शॉर्ट झाल्यावरही साधारण तेवढे देत नाही, तो स्वतःच बंद होतो. युनिट अचानक बंद पडलं तर रीसेट करून परत-परत दाबण्याआधी वायर आणि हत्यार तपासा.

‘धूळ-पावसात टिकत नाही, उन्हात पेट घेतं’

घरगुती वापराची युनिट पंख्याने थंड होतात आणि बहुतेकांना धूळ-पाण्याचं संरक्षण नसतं. सिमेंटच्या धुळीहून वाईट म्हणजे ग्राइंडरमधून उडणारा लोखंडी कीस, कारण तो वीजवाहक असतो आणि पंखा तो थेट सर्किटवर ओढून घेतो. युनिट वारा जिकडून येतो त्या बाजूला, कटिंगपासून पाच मीटर लांब, दोन विटांवर उचलून ठेवा. जाळ्यांसमोर फूटभर जागा मोकळी हवी. पावसापासून वाचवायला प्लॅस्टिक गुंडाळलं तर ते गुदमरून तापतं. वर पत्रा धरा, चारी बाजू उघड्या ठेवा. रोज उघड्यावर काम असेल तर आयपी ५४ (धूळ आणि उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) किंवा त्यावरचं युनिट घ्या.

आगीबद्दल : लिथियम आयर्न फॉस्फेट सेल इतर लिथियम सेलपेक्षा जास्त तापमानापर्यंत स्थिर राहतात, पण कुठलीच लिथियम बॅटरी अग्निरोधक नसते. चार्जिंग ० ते ४५ अंशांतच करा. उन्हात तापलेलं किंवा सलग ब्रेकर चालवलेलं युनिट सावलीत अर्धा तास थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. वरून पडलेलं, फुगलेलं, पाण्यात गेलेलं युनिट ‘चालतंय ना’ म्हणून वापरू नका. मोकळ्या जागी वेगळं काढा. थिनर, डिझेल, शटरिंगचं लाकूड यांच्याजवळ चार्जिंग नको, जिन्याच्या वाटेत नको. आणि कामगार जिथे झोपतात त्या शेडमध्ये रात्रभर चार्जिंग अजिबात नको. ही एक गोष्ट तरी आजपासून पाळा.

‘दोन वर्षांत भंगार’

जुन्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलच्या, ५०० ते १००० चक्रांच्या (पूर्ण चार्ज होऊन पूर्ण संपणं म्हणजे एक चक्र) युनिटला रोज पूर्ण वापरलं तर हे जवळपास खरं आहे. आयर्न फॉस्फेटची युनिट २००० ते ४००० चक्रांनंतरही ८० टक्के क्षमता राखतात. विकत घेताना पाटीवर सेलचा प्रकार बघा. काम बंद असताना अर्ध्या चार्जवर ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा तपासा.

‘जनरेटर लागतोच, मग बॅटरी कशाला?’

स्लॅब ओतताना, सलग उपसा करताना, सळई कापायच्या थ्री-फेज मशीनला जनरेटर किंवा पक्कं कनेक्शन लागतं, यात वाद नाही. विशेषतः काँक्रीट ओतताना एकट्या बॅटरीवर व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) ठेवू नका. मध्येच थांबून ओतणं अडलं तर कोल्ड जॉइंट (आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमधला कमकुवत सांधा) पडू शकतो आणि तो नंतर दुरुस्त करणं अवघड असतं. पेट्रोलवरचा एक व्हायब्रेटर हाताशी असू द्या.

पण जनरेटर लागतो म्हणजे तो दिवसभर लागतो असं नाही. डिझेल जनरेटर ३० टक्क्यांपेक्षा कमी भारावर सतत चालला तर डिझेल नीट जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काजळी आणि ओलं तेल साचतं. चार दिवे आणि दोन चार्जर यांसाठी १५ केव्हीएचा सेट घरघरत ठेवणं म्हणजे नेमकं हेच. चांगल्या भारावर एक लिटर डिझेलमागे तीन युनिटच्या आसपास वीज मिळते, अशा रेंगाळत्या भारावर त्याच्या निम्मीही मिळत नाही.

करायचं ते असं. जड कामं एका सलग पाळीत घ्या, समजा सकाळी तीन तास. त्याच वेळी मोकळ्या राहिलेल्या क्षमतेवर सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगला लावा, म्हणजे सेट ७० टक्क्यांच्या आसपास भरलेला राहील. मिक्सर सुरू होताना पूर्ण भार एकदम येऊ नये म्हणून चार्जिंगचा वेग युनिटवरून कमी करून ठेवा. बहुतेकांत ती सोय असते. पाळी संपली की जनरेटर बंद करा आणि दिवे, चार्जर, हॅमर, छोटे कटर बॅटरीवर घ्या. तळघर, पाण्याची टाकी आणि लिफ्टचा खड्डा इथली बॅटरीवर बसणारी कामं या दुसऱ्या भागात ठेवा, कारण तिथे जनरेटरचा धूर बाहेर जायला वाट नसते.