विटांची किनार पावसाळ्यात का ढासळते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. "गोव्यात चिरा (जांभा दगड) मिळत असताना बागेतल्या दगडी फरसबंदीला विटांची किनार कशाला? दोन पावसाळ्यांत तिचा भुगा होतो," असं आपण लिहिलंय. भुगा होतो हे खरं, पण तो कच्च्या, म्हणजे कमी भाजलेल्या विटेचा. आणि बहुधा भर पावसात नाही, तर पाऊस ओसरल्यावर. विटेत मुरलेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हात सुकतं, त्यातल्या क्षारांचे विटेच्या कातडीखाली स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटू लागतात. खारी वाळू वापरली असेल तर हमखास.

म्हणून विटा लावायला घेण्याआधी दोन-चार विटा कोरड्या असताना वजन करून 24 तास पाण्यात बुडवा. 3 किलोची वीट 3 किलो 450 ग्रॅमच्या वर गेली तर माल परत पाठवा. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की आवाज खणखणीत यायला हवा आणि नखाने ओरखडा उठता कामा नये.

कुंपणाला, भिंतीला चिराच उत्तम. पण त्याची बारीक पट्टी कापली की कोपरे झडतात, आणि अखंड चिरा इंचभर फरशीशेजारी बोजड दिसतो.

किनार ढासळण्याचं मोठं कारण मात्र वेगळंच आहे: आतलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. ते फरशीखालची वाळू वाहून नेतं, मग फरशी खचते आणि किनार बाहेर झुकते. 9 इंची वीट उभी लावायची तर 13 इंच खोल चर खणा, तळाला 4 इंच 1:4:8 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट टाका. विटा बुडबुडे थांबेपर्यंत भिजवून मगच लावा, नाहीतर त्या सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी शोषून घेतात. बाहेरच्या बाजूने दोन तृतीयांश उंचीपर्यंत काँक्रीटचा उतरता टेकू द्या. वर माती चढली की तो दिसत नाही. फरशीला 60 फुटांना 1 फूट उतार ठेवा. उताराकडच्या बाजूला दर मीटरला अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा वाळूच्या पातळीवर टेकूतून आरपार काढा, आतल्या तोंडाला जाळी बांधा. तिथली विटांची माथी फरशीपेक्षा 3 ते 5 मिलिमीटर खाली हवीत, नाहीतर डबकं साचून शेवाळ धरतं.

4 बाय 3 मीटरच्या फरसबंदीची लांब बाजू घराला लागून असेल तर 10 मीटर किनार होते. विटेची साडेचार इंची बाजू रेषेत धरली तर फुटतूट धरून शंभर विटा पुरतात. वरून ऑइलपेंट लावू नका, ओल आतच कोंडते.

कौलांच्या पागोळ्या थेट पडतात तिथे मात्र आपलं म्हणणं पूर्ण मान्य. चांगली भाजलेली वीटही त्या धारेखाली झिजते, तेवढ्या भागात काळ्या दगडाची पट्टी बसवा.