नोटपॅड प्लस प्लस 'पेड' झालेलं नाही

नांदेड-परभणीकडच्या कॉलेजच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक स्क्रीनशॉट फिरतोय: 'नोटपॅड प्लस प्लस आता पेड झालं, लायसन्स घ्या.' साफ चूक. नोटपॅड प्लस प्लस म्हणजे कॉम्प्युटरवर कोड आणि साधा मजकूर लिहायचं फुकट सॉफ्टवेअर.

फोटो जरा मोठा करून बघा. वर कोपऱ्यात 'अनरजिस्टर्ड' लिहिलंय. हे सब्लाइम टेक्स्ट आहे, त्याच कामाचं पण दुसरं सॉफ्टवेअर. ते वापरून बघायला फुकट, पुढं कायम वापरायचं तर लायसन्स विकत घ्यावं लागतं. फाइल सेव्ह करताना अधूनमधून 'लायसन्स घ्या' अशी पाटी त्यातच येते. एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलंय, एवढंच.

नोटपॅड प्लस प्लस डॉन हो यांनी २००३ साली आणलं. ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) सगळ्यांना खुला. 'लायसन्स की' ही भानगडच त्यात नाही, तेव्हा कुणी की विकायला आला तर सरळ हाकलून द्या.

त्याच मेसेजच्या शेपटाला 'मराठी चालत नाही' असंही जोडलंय. चालतं. फाइल 'अ‍ॅन्सी'त (अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीत, जिच्यात मराठी बसत नाही) सेव्ह केली की अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि मग ती परत येत नाहीत. म्हणून आधीच एन्कोडिंग मेनूत जाऊन यूटीएफ-८ (मराठी बसणारी पद्धत) निवडा.