‘टू’नंतर आयएनजी कधीच नाही? आयएनजीच्या चार सुवर्णनियमांविषयी

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपांवर आयएनजीच्या, म्हणजे इंग्रजी क्रियापदाच्या शेवटी लागणाऱ्या ‘-ing’च्या, ‘सुवर्णनियमां’चा तक्ता फिरत असतो. रंग बदलतात, कोपऱ्यातलं क्लासचं नाव बदलतं, नियम मात्र तेच. एक, आयएनजी दिसलं की चालू काळ समजा. दोन, ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, आयएनजी कधीच नाही. तीन, दोन क्रियापदं एकापाठोपाठ आली तर दुसऱ्याला ‘टू’ लावा नाहीतर आयएनजी, अर्थ एकच. चार, ‘नो’ (माहीत असणं), ‘लव्ह’, ‘वॉन्ट’ अशा क्रियापदांना आयएनजी लागतच नाही. खाली आश्वासन: एवढं पाठ करा, मार्क जाणार नाहीत.

जातात. चौघांपैकी एकही नियम जसाच्या तसा खरा नाही, आणि तिसरा तर मराठी माणसाला उपजत कळणारी गोष्ट विसरायला लावतो.

पहिल्यापासून घेऊ. ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’ या वाक्यात पोहणारं कोणीच नाही. पोहणं हा चांगला व्यायाम आहे, एवढंच. ‘शी एन्जॉइज सिंगिंग’मध्ये काळ दाखवतो तो ‘एन्जॉइज’. ‘सिंगिंग’ नुसतं ‘गाणं’, म्हणजे गाण्याची क्रिया. चालू काळासाठी आयएनजीच्या आधी ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असं ‘बी’चं एखादं रूप लागतं. आणि तेवढ्यानेही भागत नाही. ‘माय हॉबी इज रीडिंग’ घ्या. ‘इज’ आहे, आयएनजी आहे, पण छंद काही पुस्तक उघडून वाचत बसलेला नाही.

या घोटाळ्याला जुनं कारण आहे. प्राचीन इंग्रजीत ही दोन वेगळी रूपं होती. क्रियेचं नाम करायला ‘उंग’ किंवा ‘इंग’ हा प्रत्यय लागायचा आणि ‘करत असलेला’ या अर्थी ‘एन्डे’. मध्ययुगीन इंग्रजीत दुसरा प्रत्यय मागे पडला आणि दोन्ही कामं ‘इंग’कडे आली. आपल्याकडे ‘करणं’ आणि ‘करत’ अजून वेगळे आहेत, इंग्रजीत ते दिसायला एक झाले. हडलस्टन आणि पुलम या व्याकरणकारांनी 2002 साली आपल्या मोठ्या व्याकरणात जेरंड (‘करणं’सारखं नाम) आणि प्रेझेंट पार्टिसिपल (‘करत’, ‘करत असलेला’) हा भेदच सोडून दिला आणि दोघांना मिळून एकच नाव दिलं, जेरंड-पार्टिसिपल. आपल्याकडच्या प्रश्नपत्रिका मात्र ‘अधोरेखित शब्द जेरंड की पार्टिसिपल’ विचारत राहतात. तिथे उत्तर द्यावंच लागतं, म्हणून फरक माहीत असावा. पण ‘आयएनजी म्हणजे चालू काळ’ हे दोन्हींपैकी कशातच बसत नाही.

दुसरा नियम नोकरीच्या अर्जांत सर्वांत जास्त नुकसान करतो. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ हे वाक्य इतक्या पत्रांच्या शेवटी असतं की ते बरोबरच वाटायला लागलंय. बरोबर आहे ते ‘टू मीटिंग यू’. इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा, ‘आय वॉन्ट टू गो’मधला. दुसरा शब्दयोगी अव्ययाचं काम करणारा, ‘आय वेंट टू नाशिक’मधला. शब्दयोगी अव्ययानंतर क्रियापद आलं तर ते आयएनजीतच येतं: ‘विदाउट आस्किंग’, ‘बाय वर्किंग’, ‘आफ्टर ईटिंग’. दुसरा ‘टू’ याच पंगतीतला.

समोर कोणता ‘टू’ आहे हे ओळखायला तिथे एखादं नाम ठेवून बघायचं. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ चालतं, म्हणून ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’. ‘आय वॉन्ट टू युअर रिप्लाय’ चालत नाही, म्हणून ‘वॉन्ट टू हिअर’. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘अकस्टम्ड टू’, ‘इन अ‍ॅडिशन टू’, ‘व्हेन इट कम्स टू’ हे सगळे या परीक्षेत आयएनजीच्या बाजूला पडतात. ‘यूज्ड टू’ तेवढा दोन्हीकडे आहे. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन पुणे’ म्हणजे पूर्वी राहायचो, आता नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू लिव्हिंग इन पुणे’ म्हणजे पुण्यात राहायची सवय झालीय.

आता तिसरा, ‘काहीही लावा, अर्थ एकच’. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’: तो सिगरेट ओढायला थांबला. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’: त्याने सिगरेट सोडली. डॉक्टरांना यातलं कोणतं वाक्य ऐकायला आवडेल हे सांगायला व्याकरण लागत नाही. ‘रिमेम्बर टू लॉक द डोअर’ म्हणजे आठवणीने कुलूप लाव. ‘आय रिमेम्बर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं मला आठवतंय. ‘ट्राय टू ओपन द विंडो’ असं म्हणतात ती खिडकी अडकलेली असते, उघडायचा प्रयत्न कर. ‘ट्राय ओपनिंग द विंडो’ म्हणजे उकडतंय ना, मग खिडकी उघडून बघ. ‘ही वेंट ऑन टॉकिंग’ म्हणजे तो बोलतच राहिला. ‘ही वेंट ऑन टू टॉक अबाउट मनी’ म्हणजे आधीचा विषय संपवून तो पैशांवर आला. नकाराच्या पत्रात कंपन्या ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ लिहितात, कळवण्यास खेद वाटतो. तिथे ‘वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ लिहिलं तर तुम्हाला कळवल्याचाच पश्चात्ताप झालाय असा अर्थ होईल.

मराठी बाजू पुन्हा एकदा बघा. ‘ओढायला थांबला’ आणि ‘ओढणं सोडलं’, ‘उघडायचा प्रयत्न’ आणि ‘उघडून बघ’, ‘कळवण्यास’ आणि ‘कळवल्याचा’. हे फरक आपण रोज बिनचूक करतो. या जोड्यांत ‘टू’ची नजर साधारण पुढे होणाऱ्या क्रियेकडे असते आणि आयएनजीची झालेल्या किंवा चालू असलेल्या क्रियेकडे. पण याचा नवा सुवर्णनियम करू नये. ‘अव्हॉइड’ आणि ‘पोस्टपोन’ पुढच्याच गोष्टीबद्दल बोलतात, तरी त्यांना आयएनजीच लागतं.

मराठी कानावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. ‘त्याने जायला सुचवलं’ यावरून पोरं ‘ही सजेस्टेड टू गो’ लिहितात. हवं ‘सजेस्टेड गोइंग’. ‘पोहायला जातो’ यावरून ‘गो टू स्विम’ सुचतं, इंग्रज मात्र ‘गो स्विमिंग’ म्हणतो. तिथेही सगळी क्रियापदं चालत नाहीत: ‘गो शॉपिंग’, ‘गो फिशिंग’ होतं, अभ्यासाला जायचं असेल तर ‘गो स्टडीइंग’ होत नाही. ‘शर्ट धुवायला हवा’ आणि ‘मला जायला हवं’ या दोन्हींत आपण ‘-ायला’च वापरतो. इंग्रजीत शर्ट ‘नीड्स वॉशिंग’ आणि मी ‘नीड टू गो’. ‘द शर्ट नीड्स टू वॉश’ म्हटलं तर धुणं शर्टालाच करावं लागेल.

तक्त्याची बाजू घ्यायची तर ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कन्टिन्यू’ यांच्यापुरता तिसरा नियम बराचसा खरा आहे. ‘इट स्टार्टेड रेनिंग’ आणि ‘इट स्टार्टेड टू रेन’ यांत फारसा फरक नाही. पण ‘स्टार्ट’लाच आयएनजी लागलं की दुसरं आयएनजी खटकतं. ‘इट इज स्टार्टिंग रेनिंग’ कोणी म्हणत नाही, ‘स्टार्टिंग टू रेन’ म्हणतात.

चौथ्या नियमात अर्धं सत्य आहे, म्हणून तो खोडायला अवघड. ‘आय अ‍ॅम नोइंग हिम’, ‘आय अ‍ॅम हॅविंग थ्री ब्रदर्स’ ही आपल्याकडची नेहमीची वाक्यं, आणि प्रमाण इंग्रजीत ती चुकीचीच धरतात. पण चूक आयएनजीत नाही, चालू काळात आहे. ‘विदाउट नोइंग’ निर्दोष आहे. ‘नोइंग हिम, आय वॉज नॉट सर्प्राइज्ड’ हेही. शिवाय अर्थ बदलला की तेच क्रियापद चालू काळातही जातं. भाऊ ‘आय हॅव’, जेवण मात्र ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’. मत ‘आय थिंक’, नोकरी सोडायचा विचार ‘आय अ‍ॅम थिंकिंग ऑफ लीव्हिंग’. ‘आय हॅव बीन वॉन्टिंग टू मीट यू’ सर्रास ऐकू येतं. ‘लव्ह’ला आयएनजी लागत नाही म्हणणाऱ्याने मॅकडोनाल्ड्सचं 2003 पासूनचं घोषवाक्य आठवावं, ‘आय अ‍ॅम लव्हिन इट’. ते मुद्दाम बोलभाषेत लिहिलंय आणि परीक्षेच्या पेपरात मी लिहिणार नाही. पण ‘लागतच नाही’ असं म्हणता येत नाही.

मग पाठ काय करायचं? ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी बघून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक शब्दकोश केला. तो 1942 साली टोकियोत निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने छापला. कोणत्या क्रियापदामागून कोणती रचना येते हे त्यात एकेका क्रियापदापुढे दिलं होतं. विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश आजही तेच करतात, आणि फोनवर ते फुकट बघता येतात. ‘सजेस्ट’ उघडा: तिथे ‘सजेस्ट डूइंग समथिंग’ सापडेल, ‘टू डू’ सापडणार नाही. तक्ता पुढे ढकलायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.