मोपा ते लंडन ‘साडेआठ तासांत’? फॉरवर्डमधला हिशेब कुठे फसतो

गोव्यातल्या ग्रूपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात तीन दावे आहेत. एक, गोव्याच्या मोपा विमानतळापासून लंडन 7,550 किमी आणि विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे जेमतेम साडेआठ तास पुरेत. दोन, कंपन्या मुद्दाम वळसे घालून तिकीट महाग करतात. तीन, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा जाताना लंडनच आपल्याकडे सरकत येतं.

अंतर बरोबर आहे. मोपा ते लंडनचा गॅटविक विमानतळ सुमारे 7,545 किमी, गोव्यातल्याच दाबोळी विमानतळाहून पंचवीसेक किमी कमी. फक्त हे अंतर पृथ्वीगोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याचं आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने रेघ ओढलीत, तर ती दिसते सरळ, पण भरते 190 किमी जास्त.

आता तो दोरा कुठून जातो बघा: अरबी समुद्र, मकरानचा किनारा, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, मग मध्य युरोप. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना एप्रिल 2025 मध्ये बंद केली. इराणकडे तणाव वाढला की तोही रस्ता अडतो. वळसा पडतो तो यामुळे. लांब पल्ल्याचं दोन इंजिनांचं विमान तासाला पाचेक टन इंधन पितं. हौसेखातर तासभर जास्त कोण उडवेल?

खरी मेख वाऱ्यात आहे. 900 हा वेग हवेतला, जमिनीवरचा नव्हे. दहा-अकरा किमी उंचीवर या पट्ट्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. वळशासकट 8,000 किमी आणि सरासरी 80 किमीचा वारा धरा. जाताना 820 च्या वेगाने पावणेदहा तास, येताना 980 ने सव्वाआठच्या आत. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण आणि शेवटी गेटपर्यंत जाणं यांची पाऊणेक तासाची भर घाला, कारण वेळापत्रकातली वेळ गेट ते गेट असते. म्हणजे जाताना साडेदहा, येताना नऊ.

तिसरा दावा इथेच निकालात निघतो: पश्चिमेला जातानाच जास्त वेळ लागतो! गोव्याच्या अक्षांशावर जमीन ताशी 1,600 किमीने फिरते, पण तिच्याबरोबर हवाही फिरते आणि धावपट्टीवर उभं विमानही. चोडणच्या फेरीबोटीत नाणं वर उडवलंत, तर ते मांडवीत पडतं का? तुमच्याच तळहातावर येतं.

तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकीही करू नका, दोन्ही वेळा स्थानिक असतात. दुपारी 13:00 ला निघून त्याच दिवशी 18:00 ला पोचणारं विमान पाच तासांत जात नाही. लंडन हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास असतं, म्हणजे प्रवास साडेदहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचारच राहतो, तेव्हा त्याच वेळांचा अर्थ साडेनऊ तास. इंग्लंडमधल्या स्विंडन शहराची पुढची बस काढताना लंडनचंच घड्याळ धरा आणि इमिग्रेशनच्या रांगेसाठी दोन तास हाताशी ठेवा.